मोजणाऱ्याचा खांदा

गावाच्या बर्टील मावशीचं, म्हणजे मतांत बर्टीलचं, नाव त्या रकान्यात मी लिहिलं. ही कबुली आधीच देऊन टाकतो. पुढे ती मला अख्ख्या गावासमोर द्यावी लागली, त्यामुळे आता सराव झालाय.

आमचं सेंट ओदिल हे अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी डोक्यावर, नदीकाठी. पलीकडच्या काठाला कॅनडा. पक्षाच्या गावसमितीचा मी चिटणीस होतो. ज्या सभेत चिटणीस नेमायचा होता तिला मी एकटाच वेळेवर पोचलो होतो, एवढीच माझी लायकी. त्या वसंतात पक्षाच्या राज्य कचेरीतून एक फॉर्म आला. 'दुसरा मतदारसंघ: निर्वाचक' असं लिहून पुढे रिकामा रकाना. दर खेपेला वेगळ्या गावाने नाव सुचवायचं असतं, यंदा पाळी आमची. दुपारी बाराच्या आत पाठवा म्हणे.

आमच्याकडे लोक अध्यक्षाला मत देतात, असं आपलं म्हणायचं. खरं तर त्या मतांतून राज्यागणिक काही माणसं निवडली जातात, आणि डिसेंबरात ती माणसं आपापल्या राजधानीत बसून अध्यक्षाला मत देतात. तेच निर्वाचक. आमच्या राज्याच्या वाट्याला असे चार. त्यांतला एक आमच्या उत्तरेकडच्या मतदारसंघाचा, वेगळा मोजलेला. आमचा पक्ष तिथे इतकी वर्षं हरत होता, की तो रकाना भरणं म्हणजे न होणाऱ्या लग्नाच्या पत्रिकेवर पाहुण्याचं नाव घालणं.

बाराला वीस मिनिटं कमी होती. सकाळीच मतांतने मला पोस्टाच्या दारात गाठून पाऊण तास एकच विषय ऐकवला होता: ही निर्वाचकांची पद्धत मोडून अध्यक्ष सरळ लोकांच्या मतांनी का निवडावा. बावीस वर्षं ती त्यासाठी सह्या गोळा करत होती. कानात अजून तेच घुमत होतं. मी थट्टेत तिचं नाव लिहिलं. म्हटलं, संध्याकाळी फोन करून बदलून टाकू. संमतीची सही हवी होती, तर 'पक्ष सांगेल ते काम करीन' असा एक कागद ती दरवर्षी भरून देते, शनिवारच्या घेवड्याच्या जेवणावळीचं काम वाटायला. तोच टाचला. संध्याकाळी मी बर्फावर मासे धरायला गेलो. मे महिन्यात पक्षाच्या राज्य अधिवेशनाने सगळी यादी एका आवाजात मंजूर केली, कारण जेवणाची वेळ झाली होती.

नोव्हेंबरात आमचा पक्ष त्या मतदारसंघात जिंकला. का जिंकला ते पक्षालाही अजून समजलेलं नाही.

आता मतांत कोण ते सांगायला हवं. मतांत म्हणजे आमच्याकडच्या फ्रेंचमध्ये मावशी. ती माझी मावशी नाही. गावात कोणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची. पूर्ण नाव बर्टील सीर. वय तेव्हा त्र्याहत्तर. एकतीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली. बटाट्याच्या काढणीला शाळा तीन आठवडे बंद असते, तेवढे दिवस सोडले तर त्या एकतीस वर्षांत तिची बस एकदाही चुकली नाही. मी तिच्याच बसमधून शाळेत गेलो. मागे वळून न बघता कोणत्या पोराने कोणाच्या टोपीत बर्फ घातला हे तिला कळायचं. आरशात बघते असं आम्हाला वाटायचं. नंतर समजलं, आरसा फुटका होता.

तिचा दुसरा मान म्हणजे मोजणी. मार्चमध्ये गावसभा भरते. रस्त्याच्या बर्फावर किती मीठ टाकायचं इथपासून सगळं तिथे हात वर करून ठरतं. हात मोजण्यावरून भांडण झालं, की 'हो' वाल्यांनी शेगडीच्या भिंतीला उभं राहायचं, 'नाही' वाल्यांनी खिडक्यांच्या. मग मतांत एका टोकाकडून निघते आणि प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत मोठ्याने आकडा म्हणते. हात लागला तो मोजला, नाही लागला तो नाही. तिचा स्वतःचा खांदा कधी मोजत नाहीत. मोजणाऱ्याचा खांदा मोजायचा नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. त्या मोजणीवर आजवर कोणी वाद घातलेला नाही. गावात वाद घालायची हौस कमी आहे असं मात्र समजू नका.

सह्यांचं खूळ तिच्या डोक्यात बसमध्येच शिरलं. बसमध्ये रेडिओवर काय लावायचं यावरून रोज कालवा व्हायचा. एकदा तिने ठरवलं, प्रत्येक रांगेचं एक मत. बारा रांगा. पुढच्या सात रांगांत मिळून दहा शहाणी पोरं, त्यांना चर्चची गाणी हवी होती. मागच्या पाच रांगांत चार-चार कोंबलेली वीस, त्यांना हॉकीचा सामना. सात विरुद्ध पाच, चर्चची गाणी लागली. तेव्हा मागून एका मुलीने विचारलं, "बाई, आम्ही वीस आणि ते दहा. मग गाणं त्यांचं का?"

मतांतने रेडिओ बंद केला. त्या शनिवारी ती जेवणावळीला आली ती हातात फळी घेऊन. फळीला चिमटा, चिमट्यात कागद, दोरीला बांधलेलं पेन. तेव्हापासून गावात कोणीही तिच्या हातचं फुकट जेवलेलं नाही. आधी सही, मग घेवडा. अर्थात जे सही करत नाहीत त्यांनाही ती वाढते, पण डुकराच्या चरबीचा तुकडा त्यांच्या ताटात पडत नाही.

माझ्या ताटात तो कधीच पडला नव्हता.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात बसून प्लॉय खात होतो. प्लॉय म्हणजे कुट्टूच्या पिठाची, एकाच बाजूने भाजलेली धिरडी. वर लोणी आणि काकवी. चौथं पानात पडलं आणि फोन वाजला.

"हो, मीच बर्टील सीर. अभिनंदन? कशाबद्दल? बाई, तुमचा नंबर चुकलाय." ठेवला. परत वाजला. "कोण निर्वाचक? सही? माझी?"

मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. तव्यावरचं धिरडं करपलं. तिच्या तव्यावर धिरडं करपलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"फॉर्म कोणी पाठवला म्हणालात?"

मी काकवीच्या बाटलीवरचा कागद वाचायला घेतला. कागद फार माहितीपूर्ण होता.

"रेमी," ती फोन ठेवून म्हणाली.

"हं?"

"तोंडातलं आधी गिळ, मग खोटं बोल."

मी गिळलं. खोटं काही सुचलं नाही, तेव्हा खरं सांगितलं. बर्फावरच्या माशांसकट.

"किती मासे मिळाले?"

"एकही नाही."

"देव आहे," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. मी तिला काम चालू असताना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "लेका, मी ती खुर्ची मोडायला निघाले होते. तू मला तिच्यावरच बसवलंस."

"मग राजीनामा दे ना. नाही जायचं म्हण."

"तेच विचारलं मी त्या फोनवालीला. म्हणाली, जागा रिकामी राहिली तर हजर असलेले तिघे मिळून भरतील. ते तिघे समोरच्या पक्षाचे." तिने करपलेलं धिरडं उचलून माझ्या पानात टाकलं. "म्हणजे इकडच्या लोकांनी रांगा लावून एकाला निवडायचं आणि ते मत मी घरी बसून दुसऱ्यांच्या हातात द्यायचं. वा! आणि गेले, तर उद्यापासून ही फळी घेऊन कोणाच्या तोंडासमोर उभी राहू? बावीस वर्षं लोकांना सांगितलं, मधली माणसं नकोत. आता मीच मधली."

मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी खरंच मोडलं. मी करपलेलं धिरडं संपवलं.

बातमी दुपारपर्यंत गावभर. पेट्रोल पंपावरच्या अल्सीदला तर सणच आला. अल्सीद आणि मतांत एका वर्गातले. बावीस वर्षांत त्याने सही केलेली नाही, उलट दर शनिवारी फळीसमोर उभं राहून न करण्याचं कारण सांगितलेलं आहे.

"काय बाईसाहेब, आता तुम्हाला उठून उभं राहायचं का आम्ही?" तो पेट्रोल भरता भरता म्हणाला.

"तू बसलेलाच बरा दिसतोस, अल्सीद. उभा राहिलास की पोट दिसतं."

"अगं, पण मी काय म्हणत होतो इतकी वर्षं? सरळ मोजणी झाली तर मोठमोठ्या शहरांचंच चालणार. आपल्याला कुत्रं विचारणार नाही. या एका मतामुळे तर अध्यक्षपदाचा तो उमेदवार आपल्या बटाट्याच्या कोठारात आला."

"आला. पाच मिनिटं थांबला. हातात बटाटा धरून फोटो काढला. तो बटाटा कुठला होता?"

अल्सीद नळीकडे बघू लागला.

"सांग की. आयडाहोचा होता, देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा. पिशवीसकट आणला होता त्यांनी. आपल्याकडचा बटाटा फोटोत बरा दिसत नाही म्हणून." तिने गाडीची काच अर्धी वर केली. "आणि शहरातल्या माणसाला खांदा नसतो का रे? एक त्याला, एक मला. जास्त मला कशाला?"

"मग जाणार की नाही?"

काच पूर्ण वर गेली.

तीन आठवडे तिने कोणालाच उत्तर दिलं नाही. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांच्यातले काही जण तिला टाळायला लागले. एकाने चर्चच्या पायऱ्यांवर विचारलं, "माझं नाव काढता येईल का यादीतून?" तिने फळी काढली, पट्टी लावून सरळ रेघ मारली आणि "बायकोला विचारलं म्हणून सांग" म्हणाली. अशा रेघा अकरा झाल्या. ती त्या मोजत नव्हती असं दाखवत होती.

शेवटी, राजधानीला जायच्या आधीच्या शनिवारी, संध्याकाळी पाचची जेवणावळ, गावसभेच्याच हॉलमध्ये. मी स्वयंपाकघरात हंड्याजवळ, ॲप्रन बांधून. गेले तीन आठवडे मी शक्यतो हंड्याजवळच असायचो. ताटं वाढून झाली तशी मतांतने डावाने टेबल वाजवलं.

"ऐका. मला जायचं की नाही ते मी ठरवणार नाही. मी आयुष्यभर सांगत आले, माणसं मोजा. तर मोजू. जा म्हणणारे शेगडीकडे, नको म्हणणारे खिडक्यांकडे. घेवडा परत आल्यावर खा, पळून जात नाही."

खुर्च्या सरकल्या. अल्सीद ताट घेऊनच शेगडीकडे गेला. सह्या केलेल्या कितीतरी बायका खिडक्यांकडे गेल्या, तिच्यावरच्या प्रेमानेच. नवरा-बायको वेगवेगळ्या भिंतींना गेल्याची तीन उदाहरणं मी दरवाजाच्या फटीतून मोजली. मतांत निघाली. एक, दोन, तीन. प्रत्येक खांद्याला हात. लहान पोरांना वगळून, म्हाताऱ्या पाद्र्याला खुर्चीतच धरून. खिडक्यांकडे त्रेचाळीस. शेगडीकडे त्रेचाळीस.

"तुझा धर, बर्टील," कोणीतरी म्हणालं.

"मोजणाऱ्याचा खांदा मोजत नाहीत."

"अगं, तो चोर आत हंड्यामागे आहे!" अल्सीद ओरडला. "त्याला काढा बाहेर."

मला काढलं बाहेर. हातात डाव, पोटावर घेवड्याचे डाग, अशा थाटात मी शहाऐंशी माणसांसमोर उभा राहिलो.

"भिंतीला जायच्या आधी सांग," मतांत म्हणाली. "माझं नाव कोणी लिहिलं?"

"मी."

"का?"

"थट्टा म्हणून. आणि मग विसरलो."

मला वाटलं आता कोणीतरी डाव हिसकावून घेईल. पण आधी खिडक्यांकडे कोणीतरी फुसकन हसलं, मग शेगडीकडे, आणि मग अल्सीदने हसता हसता ताटातला घेवडा शर्टावर सांडला. फक्त मतांत हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, बसमध्ये बघायची तशी, आरशाशिवाय.

आता मी कुठे उभा राहावं? खिडक्यांकडे गेलो असतो तर तिची बावीस वर्षं वाचली असती, आणि सगळ्यांना वाटलं असतं की पोराने चूक सुधारली. पण त्या दिवशी सकाळी हंडा आणायला तिच्या घरी गेलो तेव्हा मागच्या अंगणात तिचा चर्चचा निळा कोट दोरीवर वाळत घातलेला होता. डिसेंबरात कोट बाहेर टाकला की तो वाळत नाही, लाकडासारखा ताठ होतो. पण कपाटातला वास जातो. रविवारच्या चर्चला तिला त्या वासाची कधी पर्वा नव्हती.

मी शेगडीकडे गेलो.

मतांत आली. बाकीच्यांना तिने हात लावला होता. माझा खांदा तिने धरला, आणि दाबला चांगलाच.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "एका खांद्याने जाते. तोही असला. गाडी तू चालवायची."

"चालवीन."

"आणि परत आल्यावर फळीवर सही. वाचून."

"करीन."

"ऐकलंत सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं. तिने तिथल्या तिथे फळी काढली. शेवटची सही चार हजार एकशे बारावी होती. खाली तिने पेन्सिलीने '४११३, रेमी' लिहिलं आणि पुढची सहीची जागा रिकामी ठेवली.

राजधानी ऑगस्टा पाच तासांवर. वाटेत घोड्याएवढे दोन मूस हरण आडवे आले आणि एकदा मतांतने माझ्या हातातून चाक काढून घेण्याचा प्रयत्न केला. विधानसभेच्या सभागृहात मी वरच्या गॅलरीत बसलो. खाली चार टेबलं. समोरच्या पक्षाचे तिघे: एक निवृत्त सुईण, एक शेवंडी धरणारा कोळी, एक ग्रंथपाल बाई. आणि चौथी आमची, निळ्या कोटात, कॉलरवर बसची तीस वर्षं भरली तेव्हा मिळालेला बिल्ला. भाषणं झाली. चिठ्ठ्या वाटल्या. तिने आपली चिठ्ठी हाताने आडोसा करून लिहिली, जणू तिचं मत कोणाला जाणार हे साऱ्या राज्याला ठाऊक नव्हतं.

पेटी उघडून राज्याच्या सचिवांनी मोजलं. एकाला तीन, दुसऱ्याला एक.

"एक मिनिट," मतांत उठून म्हणाली.

गॅलरीतला पत्रकार पुढे वाकला. मीही वाकलो, वाटलं, संपलं, आता ही काहीतरी बोलणार आणि पक्ष मला शोधत सेंट ओदिलपर्यंत येणार. पण ती टेबलाला वळसा घालून गेली, सुईणीच्या खांद्याला हात लावला, कोळ्याच्या, ग्रंथपाल बाईंच्या. "एक, दोन, तीन." मग थबकली. हात स्वतःच्या खांद्यापर्यंत नेला आणि तिथेच अर्धवट धरून ठेवला.

सचिव विनयाने म्हणाले, "बाई, तुम्हीसुद्धा."

"आमच्याकडे मोजत नाहीत."

"इथे मोजावं लागेल. नाहीतर तीनच भरतात."

तिने हात खाली टेकवला. "चार," ती म्हणाली, फार हळू. गॅलरीत मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

मग प्रमाणपत्रांवर सह्या. सहा प्रती, प्रत्येकीवर चौघांच्या. सहावी सही झाली आणि तिने कोटाच्या आतून फळी काढली. टेबलावर ठेवली.

"मी तुमच्या पद्धतीसाठी सहा वेळा सही केली," ती तिघांना म्हणाली. "आता तुम्ही माझ्या पद्धतीसाठी एकदा करा."

सचिवांनी छताकडे पाहिलं. कोळ्याने कागद पूर्ण वाचला, बोट लावून, आणि केली. सुईणीने विचारलं, "या वरच्या नावापुढे सही का नाही?" मतांत म्हणाली, "तिथे एक गाढव बसायचंय." सुईणीने कोळ्याच्या सहीखाली केली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, थोडा विचार करते. मतांतने त्यांना पत्ता दिला.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "स्वतःचा खांदा थंड लागतो रे."

"कोट तसाच होता, गोठलेला."

"गप्प बस. रस्त्याकडे बघ."

शनिवारी ती नेहमीसारखी फळी घेऊन दारात उभी होती. लोक आले. ज्यांनी नावं काढली होती त्या अकरांपैकी चौघांनी परत घातली. तिने त्यांना नवे आकडे दिले, जुने नाही. अल्सीद आला, सही न करण्याचं कारण सांगितलं आणि ताट घेऊन पुढे गेला. मग मी.

"हं," ती म्हणाली, पेन पुढे करून.

मी वाचायला घेतलं. खरंच वाचलं, पहिल्यांदाच, दोन्ही पानं. आणि मला शंका आल्या. सरळ मोजणीत फेरमोजणीची वेळ आली तर ती देशभर कोण करणार? पन्नास राज्यांत एवढ्या खांद्यांना हात कोण लावणार? आणि तो आयडाहोचा बटाटा घेऊनसुद्धा कोणी इकडे येणार नाही, त्याचं काय? मागे रांग थांबली होती. मी विचारत राहिलो. ती उत्तरं देत राहिली, काही फार चांगली, काही थोडी तापट.

"म्हणजे करत नाहीस?"

"करणार आहे. शब्द दिलाय. पण अजून पुरतं पटलं नाही."

मला वाटलं, चिडेल. तिने पेनचं टोपण लावलं.

"घाई करू नकोस. न वाचता लिहितोस तेव्हा काय होतं ते ऑगस्टापर्यंत जाऊन बघून आले मी." आणि माझ्या ताटात घेवडा वाढला. चरबीचा तुकडा सोडून.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. फळीवर आता चार हजार तीनशे सहा नावं आहेत. ग्रंथपाल बाईंचं पत्र आलं, त्याही आल्या यादीत. दर शनिवारी मी एक शंका घेऊन जातो आणि ती निम्मी सोडवते. ४११३ पुढे सही अजून नाही, पेन्सिलीतलं नाव पुसट झालंय. गेल्या आठवड्यात तिने माझ्यासमोरच ते परत एकदा ठळक गिरवलं.